धरणीकंपानंतरचे पहिले चोवीस तास

(श्रीभैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेत गावचे सुपुत्र, निवृत्त वैद्यकीय अधिकारी यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेले तीन दिवस या मंडपात कीर्तने झाली, प्रवचने झाली. आज आपण एका डॉक्टराला उभे केले आहे. समितीने मला ‘आरोग्यावर चार शब्द बोला’ असे सांगितले. मधुमेहावर बोलता आले असते, रक्तदाबावर बोलता आले असते. पण ज्या देवळाचा जीर्णोद्धार आपण केला, त्याची जुनी भिंत कशाने फाटली होती हे इथल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला ठाऊक आहे. म्हणून मी विषय निवडला तो धरणीकंपाचा. आणि त्यातही, धरणीकंप झाल्यावर जखमी माणसाला वाचवायचे कसे, एवढ्यापुरताच.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे. मी तेव्हा दुसरीत होतो. त्या पहाटे कोयनानगरची बहुतेक घरे पडली किंवा राहण्याच्या लायकीची उरली नाहीत. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांवर जखमी झाली. वीजगृह बंद पडल्याने मुंबईच्या कारखान्यांचीही वीज गेली. आपल्यापैकी जी मंडळी तेव्हा मुंबईत गिरणीत किंवा गोदीत कामाला होती, त्यांना गावाकडे काय झाले हे कळायला फार वेळ लागला. त्यानंतर आपल्या खोऱ्यात लहानमोठे धक्के येतच राहिले. भांडी वाजली की आपण ‘हलला वाटतं’ म्हणतो आणि कूस बदलून झोपतो. सवय झाली आहे. ही सवय धीर देते हे खरे, पण ती गाफीलही ठेवते.

दुसरा भूकंप किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. माणसे दमून झोपलेली. वर्षभर आधी, १९९२ सालीही तिथे बरेच लहान धक्के बसले होते. तरी त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याचा मानलेला होता. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावे पार जमीनदोस्त झाली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९०० हून अधिक माणसे गेली आणि सुमारे सोळा हजार जखमी झाली. गुरेढोरे गेली ती वेगळीच.

तिसरा भुजचा. २६ जानेवारी २००१, सकाळी आठ वाजून शेहेचाळीस मिनिटे. सरकारी मोजणीप्रमाणे तेरा हजार आठशेच्या वर मृत्यू आणि दीड लाखाच्या वर जखमी. अंजार गावी प्रजासत्ताक दिनाच्या फेरीला निघालेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या घरांखाली सापडली.

हे आकडे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. माझे सांगणे वेगळेच आहे. जी माणसे धक्क्याबरोबर त्याच क्षणी जातात, त्यांच्यापुढे वैद्यकाचे हात टेकलेले असतात. पण जी त्यानंतर तासाने, चार तासांनी, दुसऱ्या दिवशी जातात, त्यांतली पुष्कळ वाचवता येतात. आणि त्यांना वाचवणारा बहुतेक वेळा डॉक्टर नसतो, जवानही नसतो. तो शेजारी असतो.

मदत कोण करते?

आपल्या मनात चित्र असे असते की आपत्ती आली की सरकार येईल, लष्कर येईल, गाड्या येतील. ती येतात, येत नाहीत असे मी म्हणत नाही. २००५ साली आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला, पुढे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले. त्याची एक तुकडी पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला सुदुंबरे येथे असते. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका आहेत. १९६७ साली यांतले काही नव्हते. पण हिशेब करा. रस्ता शाबूत असला तरी पुण्याकडून आपल्या गावी यायला काही तास जाणार. आणि भूकंपात रस्ता शाबूत राहील हे कोणी सांगावे? घाटात एक दरड खाली आली की पाटण दूर झाले, कऱ्हाड त्याहून दूर झाले, आणि पलीकडे कुंभार्लीने चिपळूणला जाण्याची वाटही बंद.

जपानात १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबे शहराला भूकंप झाला. सहा हजार चारशेवर माणसे गेली. एवढा सधन देश, यंत्रसामग्रीने भरलेला. तरी ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या माणसांपैकी अंदाजे तीन चतुर्थांश माणसे घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढली होती. किल्लारीतही अंधारात पहिले हात लागले ते वाचलेल्यांचेच. मिळेल त्या ट्रॅक्टरमधून, जीपमधून, मालट्रकमधून जखमींना उमरगा, लातूर, सोलापूर या ठिकाणी हलवण्यात आले. मी नंतर वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि मातीचे ढिगारे चिखल होऊन बसले होते. जितका उशीर, तितके काम अवघड, हे तिथे डोळ्यांनी दिसत होते.

तिथली घरे कशी होती? दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांमध्ये चुना-सिमेंट नाही, नुसती माती. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचे जाड माळवद. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून दर काही वर्षांनी त्यावर माती चढवायची. हे ओझे झोपलेल्या माणसावर आले. पुष्कळांच्या अंगावर मोठी जखमही नव्हती. नाकातोंडात माती गेली आणि श्वास कोंडला.

यावरून पहिला धडा असा, की माणूस दिसला की आधी त्याचे तोंड आणि नाक मोकळे करा. हात-पाय नंतर. बोट घालून माती काढा, ओल्या फडक्याने पुसा. छातीवरचा दगड आधी उचला. पोटऱ्यांवरचा नंतर उचलला तरी चालेल. श्वासाला मिनिटांचा हिशेब असतो, मोडलेल्या हाडाला तासांचा.

पहिल्या तासात काय करावे?

मी क्रमाने सांगतो. आपल्या तरुण मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

धक्का थांबला की स्वतःकडे पाहा, घरच्यांकडे पाहा, चूल आणि गॅस बंद करा. मोकळ्या जागेत या. मागून पुन्हा धक्के येतातच, म्हणून अर्धवट पडलेल्या भिंतीखाली गर्दी करू नका. मग गावाने एक गोष्ट करावी. ती सोपी वाटते, पण फार अवघड आहे. दर थोड्या वेळाने सर्वांनी गप्प बसायचे. रडणे, हाका, ट्रॅक्टरचे इंजिन, सगळे बंद. त्या शांततेत ढिगाऱ्याखालचा कण्हण्याचा आवाज, पत्र्यावर दगड वाजवल्याचा आवाज ऐकू येतो. कोणत्या घरात रात्री कोण झोपले होते, हे बाहेरच्या पथकाला कधीच माहीत नसते. आपल्याला असते. ‘म्हातारी ओटीवर झोपते, पोरे माजघरात’ एवढी माहिती दहा यंत्रांच्या तोलाची आहे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा. दहा मिनिटे दाबून धरा; मध्येच उचलून पाहू नका. बहुतेक रक्तस्राव एवढ्याने थांबतो. जखमेत हळद, तंबाखू, चहापूड, राख काहीही भरू नका. हाता-पायातून रक्ताची चिळकांडी उडते आहे आणि दाबूनही थांबत नाही, तेव्हाच वरच्या अंगाला रुंद पट्टीने आवळा, आणि किती वाजता आवळले ते लिहून ठेवा.

हाड मोडले असेल तर ते सरळ करण्याच्या फंदात पडू नका. हाड बाहेर आले असेल तर आत ढकलू नका. त्यावर स्वच्छ ओले फडके ठेवा. बांबूच्या कांबी, छत्री, जाड पुठ्ठा, काही नसेल तर चांगला पाय मोडक्या पायाला बांधा. तेल लावून चोळणे तर अजिबात नको. आपल्याकडे हाड बसवणाऱ्यांचा मान आहे, त्यांच्या हाताला गुण असेलही. पण चिरडलेल्या पायाला चोळले तर नुकसानच होते.

आणि पाठीचा कणा. आपल्या वाड्या-वस्त्यांवरून आजारी माणसाला डोलीतून, झोळीतून आणण्याची रीत आहे. या डोलीने किती बाळंतिणींचे प्राण वाचवले त्याची गणती नाही. पण ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसाला झोळीत घालू नका, कारण झोळीत पाठ वाकते. कणा दुखावलेला असेल तर त्या एका वाकण्याने माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. दाराची फळी घ्या, घट्ट विणलेली बाज घ्या, रुंद शिडीवर घोंगडी टाका. चौघांनी एका ओळीत बसून, एकाने डोके धरून, एका आवाजात, जसे मखर उचलताना उचलतो तसे, सगळे अंग एकदम उचला.

बोलता बोलता गेला

आता जी गोष्ट सांगतो ती लक्ष देऊन ऐका. किल्लारीच्या बाजूला एका बाईने मला विचारले होते, “डॉक्टर, माझा मुलगा बारा तास तुळईखाली होता. आत असताना बोलत होता. बाहेर काढला, पाणी मागितलं, मी पाजलं, आणि थोड्या वेळात गेला. मी पाणी पाजलं म्हणून गेला का हो?”

नाही. पाण्याने तो गेला नाही. त्या माउलीला मी हेच सांगितले, आणि आज आपल्यालाही तेच सांगतो, कारण ही समजूत अनेक ठिकाणी आहे आणि तिने अनेक घरांतल्या माणसांना जन्मभर जाळले आहे.

खरे कारण असे. मांडी, पोटरी, दंड हे मांसल भाग तासन् तास दाबले गेले की आतले स्नायू मरू लागतात. मेलेल्या स्नायूंतून पोटॅशियम नावाचा क्षार आणि तांबूस रंगाचे एक द्रव्य सुटते. ओझे जोवर अंगावर आहे तोवर ते तिथेच अडकून राहते. ओझे उचलले, रक्त पुन्हा वाहू लागले, की हे विष एकदम सगळ्या अंगात पसरते. पोटॅशियम हृदय थांबवते. ते तांबूस द्रव्य मूत्रपिंडात अडकून लघवी बंद करते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते, तेव्हा १९४१ साली बायवॉटर्स या डॉक्टरांनी अशा रुग्णांचे नीट वर्णन केले. १९८८ च्या डिसेंबरात आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा अशा रुग्णांची एवढी गर्दी झाली की रक्त शुद्ध करणारी डायलिसिसची यंत्रे पुरेनात. त्यानंतर जगातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी भूकंपासाठी खास पथक बांधले. १९९९ साली तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा चिरडल्याने मूत्रपिंडे बिघडलेल्या ६३९ रुग्णांची नोंद झाली. त्यांतल्या ४७७ जणांना डायलिसिस लागले, आणि त्यांतले बरेच वाचले.

मग उपाय काय? उपाय साधा आहे; तो वेळेवर झाला पाहिजे इतकेच. माणूस अजून ओझ्याखाली असतानाच, हात मोकळा असेल तर त्या हाताच्या शिरेतून मिठाच्या पाण्याचे सलाईन सुरू करायचे, आणि मग ओझे काढायचे. म्हणून कुणी काही तास हातापायांवरच्या तुळईखाली अडकला असेल, श्वास ठीक चालू असेल आणि डॉक्टर किंवा परिचारिका जवळपास असेल, तर त्यांना आधी तिथे बोलवा. काढण्याची घाई करू नका. डॉक्टर मिळणारच नसेल तर अर्थातच काढा. कोणी ढिगाऱ्यात ठेवून द्या असे मी म्हणत नाही. शुद्धीवर असेल, पोटाला मार नसेल, तर साधे पाणी घोट घोट द्या. पण शहाळ्याचे पाणी देऊ नका. एरवी ते अमृत आहे, परंतु त्यात पोटॅशियम भरपूर असते आणि अशा वेळी नेमके तेच नको असते. बाहेर काढल्यावर माणूस हसत-बोलत असला तरी त्याला घरी पाठवू नका. त्याची लघवी पाहा. ती काळ्या चहासारखी किंवा कोकमाच्या रंगाची झाली, वा होईनाशी झाली, तर पहिल्या गाडीने त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवा. गाडीत बसलेल्याला स्पष्ट सांगा की हा इतके तास दबलेला होता. एवढे एक वाक्य पुढच्या डॉक्टराला सगळे सांगून जाते.

आधी कोण?

आता एक कठीण विषय. शंभर जखमी आहेत आणि दोन डॉक्टर आहेत. आधी कोणाला पाहायचे? आपला स्वभाव असा की जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे धावायचे, किंवा जो मानाचा आहे त्याला पुढे करायचे. वैद्यकशास्त्र सांगते, ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जा.

नेपोलियनच्या सैन्यात लारे नावाचे शल्यविशारद होते. त्यांनी नियम घातला की जखमीचा हुद्दा पाहायचा नाही, जखम पाहायची. आज जगभर चार रंगांच्या चिठ्ठ्या बांधतात. लाल म्हणजे आत्ता हात लावला तर वाचेल. पिवळा म्हणजे गंभीर आहे, पण काही तास थांबू शकेल. हिरवा म्हणजे चालता येते, मलमपट्टीवर भागेल. काळा म्हणजे गेला आहे, किंवा हाताशी असलेल्या साधनांनी वाचणार नाही.

हा काळा रंग फार क्रूर वाटतो. ज्याच्या माणसाच्या मनगटाला तो बांधला जातो, त्याला डॉक्टर राक्षस वाटतो. पण त्या एकावर दोन तास घालवले तर लाल रंगाचे चौघे त्या वेळात जातात. म्हणून माझी विनंती आहे की अशा वेळी डॉक्टराच्या अंगावर धावून जाऊ नका. सरपंच असो, पुजारी असो, मोठा देणगीदार असो की माझा सख्खा भाऊ असो, रांग जखमेप्रमाणे लागेल हे आजच, शांत डोक्याने, देवासमोर कबूल करून ठेवू या. आणि काळी चिठ्ठी लागलेल्या माणसाजवळ कोणीतरी हात धरून बसावे. औषध संपले तरी माणुसकी संपत नाही.

रुग्णालयच पडले तर?

भुजला सरकारी रुग्णालयच कोसळले. आतले रुग्ण, परिचारिका, कर्मचारी त्याखाली गेले. ज्या दिवशी सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी शहराला रुग्णालय नव्हते. स्थानिक डॉक्टरांनी ज्युबिली मैदानावर उघड्यावर काम सुरू केले; टेबले मांडून शस्त्रक्रिया झाल्या. लष्कराच्या डॉक्टरांनीही रात्रंदिवस काम केले, आणि हवाई दलाच्या विमानांनी जखमींना दूरच्या शहरांत नेले. परदेशातून फिरती रुग्णालये आली, परंतु ती उभी राहायला काही दिवस गेले. तोवर तातडीच्या शस्त्रक्रियांची वेळ बहुतांशी सरली होती. त्यांचा उपयोग झाला तो पुढच्या कामाला, म्हणजे जखमा पुन्हा धुणे, हाडे बसवणे, बाळंतपणे.

पुढे भुजला नवे रुग्णालय बांधले ते २००४ साली सुरू झाले. त्याचा पाया शिसे आणि रबर यांच्या जाड गाद्यांवर ठेवला आहे. जमीन हलली तरी इमारतीला धक्का कमी पोचावा म्हणून. आपल्या देशातले अशा बांधणीचे ते पहिले रुग्णालय. शहाणपण आले, पण किंमत मोजून आले.

आपल्या देशानेही इतरांच्या संकटात हात दिला आहे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात प्रचंड भूकंप झाला, तेव्हा आपल्या लष्कराचे ६० पॅराशूट फील्ड हॉस्पिटल तिकडे इस्केंदेरुन गावी गेले आणि त्यांनी साडेतीन हजारांवर रुग्ण तपासले. कोरियाच्या युद्धात जे पथक गेले होते, तेच हे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

नंतरचे दिवस

दोन-तीन दिवसांनी दुसरा अध्याय सुरू होतो. जखमेत माती, शेण गेलेले असते. त्यातून धनुर्वात होतो. २००६ साली जावा बेटावर योग्यकर्ताजवळ भूकंप झाला, त्यानंतर सत्तरांवर माणसांना धनुर्वात झाला आणि त्यांतली वीसहून अधिक दगावली. भूकंपातून वाचली आणि एका खिळ्याच्या जखमेने गेली! म्हणून जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. मातीने भरलेली जखम लगेच टाके घालून बंद करायची नसते. डॉक्टरांनी उघडी ठेवली तर ‘टाके का घातले नाहीत’ म्हणून रागावू नका.

दुसरी समजूत मृतदेहांची. ‘प्रेते राहिली की साथ येते’ असे सगळे म्हणतात, आणि त्या भीतीपोटी ओळख पटवण्याआधीच घाईने सामुदायिक दहन करून टाकतात. जागतिक आरोग्य संघटना कित्येक वर्षे सांगते आहे की, जखमांनी गेलेल्या माणसांच्या देहांमुळे साथ पसरत नाही. साथ येते ती घाण पाण्याने, शौचाची सोय नसल्याने आणि दाटीवाटीने. तेव्हा आधी विहिरीत टीसीएल पावडर टाका, पाणी उकळा, चर खणा. गेलेल्यांची ओळख पटवा, नावे लिहा, जमेल तर छायाचित्र घ्या, आणि ज्याच्या त्याच्या रीतीने निरोप द्या. ज्याने आपल्या माणसाचे तोंड शेवटचे पाहिले नाही, त्याचे दुःख लवकर मिटत नाही.

तिसरी गोष्ट औषधांची. आपत्ती आली की चांगल्या मनाने लोक घरातल्या उरल्यासुरल्या गोळ्या गोणीत भरून पाठवतात. त्या निवडायला माणसे लागतात आणि निम्म्या फेकाव्या लागतात. मुंबई मंडळाला माझे सांगणे आहे की विचारल्याशिवाय औषध पाठवू नका. पैसे पाठवा, ताडपत्री पाठवा, विजेऱ्या पाठवा.

आणि मन. किल्लारीनंतर कित्येक महिने माणसे घरात झोपायला तयार नव्हती. ट्रक गेला तरी उठून पळत. कोणी बोलेनासे झाले, कोणी दारूला लागले. हे वेड नव्हे, ही भुताची बाधा नव्हे. ही मनाला झालेली जखम आहे. तिलाही वेळ, सोबत आणि गरज पडली तर डॉक्टर लागतो.

आपण काय करावे?

आता मुद्द्याचे बोलतो. जीर्णोद्धार पुरा झाला. सभामंडप सिमेंट-लोखंडाचा, प्रशस्त, गावाच्या मध्यावर आणि मोकळ्या पटांगणाला लागून झाला आहे. ही जागा देवाची आहे आणि संकटात ती गावाची आहे. कलशासाठी आपण जेवढे जमवले, त्याचा दहावा हिस्सासुद्धा मी मागत नाही. माझ्या मागण्या पाच.

पहिली, मंडपाच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट. त्यात पट्ट्या, कापूस, हातमोजे, विजेऱ्या, शिट्ट्या, चार रंगांच्या फिती, पहार, फावडी, जाड दोर आणि दोन पक्के स्ट्रेचर. औषधे त्यात नकोत; ती उपकेंद्रातच राहावीत. कपाटाची किल्ली तीन घरी असावी, एका घरी नव्हे.

दुसरी, गावातली वीस मुले-मुली प्रथमोपचार शिकलेली. मुलींचा आग्रह मी मुद्दाम धरतो, कारण आपली निम्मी तरुण मुले मुंबईला असतात आणि भूकंप मे महिन्याची सुट्टी पाहून येत नाही.

तिसरी, आशाताईंजवळ एक वही. कोण गरोदर आहे, कोणाला इन्सुलिन लागते, कोण डायलिसिसवर आहे, कोण अंथरुणाला खिळले आहे. दर तीन महिन्यांनी ती सुधारावी.

चौथी, वर्षातून एकदा सराव. ११ डिसेंबर हा दिवस ठरवू या. त्या दिवशी पहाटे देवळाची घंटा सतत वाजेल आणि सर्वांनी पटांगणात जमायचे. तासाभराचे काम. शेवटी गेलेल्यांच्या नावाने दोन मिनिटे शांत उभे राहू.

पाचवी गोष्ट घरांची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. नवे घर बांधताना पायाशी, खिडक्यांच्या वर आणि छताखाली अखंड सिमेंट-लोखंडाचा पट्टा घाला. जुन्या दगड-मातीच्या भिंतीला जाणकाराकडून सांधदगड बसवून घ्या. पलंगाच्या डोक्याशी जड कपाट ठेवू नका. कारण सर्वांत उत्तम तातडीचा उपचार कोणता? ज्याची गरजच पडत नाही तो. भिंत उभी राहिली तर डॉक्टर लागत नाही.

कोणी म्हणेल, मंगल प्रसंगी हे अभद्र बोलणे कशाला? मी म्हणतो, यापरती चांगली वेळ नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि बैल गेल्यावर झोपा करायचा, ही आपली जुनी खोड आहे. आज सगळे गाव एकत्र आहे, रुसवेफुगवे मिटलेले आहेत, हात देणारे आहेत. हे देऊळ ज्या एकोप्याने उभे राहिले, तोच एकोपा त्या पहाटे ढिगाऱ्यावर लागणार आहे.

 कपाटाच्या खर्चासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून पहिली रक्कम मी आजच खजिनदारांकडे जमा करीत आहे. पावती स्ट्रेचरच्या नावाने फाडावी. भैरवनाथ गावाला सुखरूप ठेवो, आणि आपल्या हातांना वेळेवर बुद्धी देवो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!